ब्लॅक मेटलची दुर्मिळ कॉम्पिलेशन्स, तीही एलपीवर: मुंबईत कोणी जमवतं का?

गिरगावचा_गोंगाट

जुन्या रेकॉर्डींवर इथे धाग्यांना तोटा नाही. पण ते सगळे फिरून फिरून नाट्यसंगीत, सी. रामचंद्र आणि बीटल्स याच तीन स्टेशनांवर थांबतात. आज जरा हार्बर लाइन पकडू.

विषय आहे ब्लॅक मेटलची, म्हणजे हेवी मेटलच्या सगळ्यात कर्कश, सैतानी थाटाच्या शाखेची, जुनी कॉम्पिलेशन्स. एकाच एलपीवर चार, सहा, दहा वेगवेगळे बँड. ज्यांना हे संगीत म्हणजे निव्वळ बोंबाबोंब वाटते त्यांच्याशी माझा वाद नाही. आमच्या घरातही बहुमत त्यांचंच आहे.

मला नेहमी विचारतात, "अरे, चांगले अल्बम सोडून हे काय जमवतोस? कॉम्पिलेशन म्हणजे कंपनीने जाहिरातीसाठी काढलेला माल." बरोबर आहे, जाहिरातीसाठीच काढलेला असतो. पण यातला कोण चालणार आणि कोण वर्षभरात गिटार विकून नोकरीला लागणार, हे कंपनीलाही तेव्हा ठाऊक नसतं. अल्बम निघतो तोवर बँडबद्दल कोणाचं तरी मत बनलेलं असतं. कॉम्पिलेशनमध्ये सगळे एकाच रांगेत उभे, आणि मला ती रांग ऐकायची असते.

१९८४ सालचं 'स्कँडिनेव्हियन मेटल अटॅक' घ्या. टायफॉन नावाच्या छोट्या स्वीडिश कंपनीने काढलेलं. बाकीचे बँड सरळसोट हेवी मेटलवाले, आणि त्यांच्यात बाथोरी नावाच्या, तोवर कोणी न ऐकलेल्या पोरांची दोन गाणी. रेकॉर्ड बाजारात गेली आणि कंपनीकडे जी पत्रं यायला लागली ती बहुतेक बाथोरीबद्दलच. मग कंपनीच्या बर्ये फोर्सबर्ग यांनी बाथोरीचा म्होरक्या क्वॉर्थॉन याला पूर्ण अल्बम करायला सांगितलं. तो त्याच वर्षी, गॅरेजचा स्टुडिओ केलेल्या एका जागेत झाला, आणि नॉर्वेची पुढची पिढी त्यावर पोसली गेली. त्या अल्बमच्या पहिल्या हजार प्रतींच्या कव्हरवरचा बोकड पिवळा आहे, कारण सोनेरी छपाई परवडली नाही. या 'यलो गोट'च्या किमती ऐकून घाम फुटतो. पण ज्या रेकॉर्डमुळे तो अल्बम निघाला, ती त्यामानाने पुष्कळ स्वस्तात मिळते! संग्राहकांचं हे गणित मला कधी पटलेलं नाही, आणि माझा त्यात फायदाच आहे.

त्याच वर्षी बर्लिनच्या नॉइज रेकॉर्ड्सने 'डेथ मेटल' नावाची एलपी काढली. नावावर जाऊ नका, तेव्हा या खोक्यांवर लेबलं लागायची होती. चार बँड: रनिंग वाइल्ड, डार्क अव्हेंजर, हॅलोवीन आणि स्वित्झर्लंडचा हेलहॅमर. पुढे जगभर गोड सुरावटींसाठी नावाजलेला हॅलोवीन आणि ज्यांना तेव्हाच्या समीक्षकांनी यथेच्छ धुतलं तो हेलहॅमर एकाच तबकडीवर. त्याच वर्षी हेलहॅमर मोडला आणि त्यातून सेल्टिक फ्रॉस्ट उभा राहिला.

मग ब्राझीलचं 'वॉरफेअर नॉइज', १९८६. बेलो ओरिझोंते शहरात कोगुमेलो नावाचं रेकॉर्डचं दुकान होतं. दुकानात येणाऱ्या पोरांचेच बँड, म्हणून दुकानानेच कंपनी काढली. सार्कोफागो, मुटिलेटर, शाकाल, होलोकाउस्टो असे चार बँड यात आहेत. लष्करी राजवट जाऊन जेमतेम वर्ष झालेलं, वाद्यं सुमार, स्टुडिओ त्याहून सुमार, आणि तरी (की म्हणूनच) आजही ऐकताना मान ताठ होते. मला यातलं सगळ्यात जास्त आवडतं कोणतं विचाराल तर हेच. सार्कोफागोचा पहिला अल्बम पुढच्या वर्षी आला. त्यातला खिळ्यांचा आणि रंगवलेल्या चेहऱ्यांचा थाट नॉर्वेच्या मंडळींनी नंतर उचलला. दुकान ते कंपनी हा प्रवास आपल्याकडेही होऊ शकला असता असं वाटत राहतं, पण ते असो.

आणि १९९१ चं 'प्रोजेक्शन्स ऑफ अ स्टेन्ड माइंड'. स्वीडनच्या सीबीआर कंपनीने काढलेलं. एंटूम्ड, डिस्मेंबर, अनलीश्ड, ग्रेव्ह अशी स्वीडिश डेथ मेटलची सगळी वरात, आणि मध्येच नॉर्वेचा मेहेम, 'फ्रीझिंग मून' घेऊन. गायक होता 'डेड' हे टोपणनाव घेतलेला. त्याने एप्रिल १९९१ मध्ये आत्महत्या केली. मेहेमचा पहिला पूर्ण लांबीचा अल्बम १९९४ ला आला तेव्हा गायक होता हंगेरीचा अटिला. म्हणजे डेडच्या आवाजात, स्टुडिओत नीट ध्वनिमुद्रित केलेलं हे गाणं अल्बमवाल्यांना त्यांच्या अल्बममध्ये सापडणारच नाही.

मुंबईत असं कोणी जमवतं का? कुठून मागवता? पावसाळ्यात काय करता? बोला.

चाळकरी

जागा पकडून बसलो आहे. विषयातलं ओ की ठो कळत नाही, पण लेखनाला दंडवत.

ठाणे_स्लो

धागा रोचक आहे, पण मला एक मूलभूत शंका आहे. हे लोक मुद्दाम खराब ध्वनिमुद्रण करतात ना? नॉर्वेच्या बर्झमच्या 'फिलोसोफेम' या अल्बमसाठी गिटार घरच्या स्टिरिओतून वाजवली आणि गाण्यासाठी स्टुडिओतला सगळ्यात टुकार मायक्रोफोन मागितला, शेवटी हेडसेट मिळाला, असं वाचलंय. मग ते ऐकायला महागडी सुई, महागडा अँप, जर्मनीहून मागवलेली एलपी कशाला? यूट्यूबवर फोनच्या स्पीकरने ऐकलं तरी तेवढंच खराब ऐकू येईल की.

गिरगावचा_गोंगाट

@ठाणे_स्लो, खराब आणि खराब यात फरक असतो राव. गिटारचा जो करकराट त्यांनी ठरवून केला, तो मला त्यांनी केला तेवढाच हवा. त्यावर फोनच्या स्पीकरने स्वतःचा करकराट चढवला की कोणाचा कुठला ते कळत नाही. नॉर्वेच्या डार्कथ्रोन बँडचं 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर' चार ट्रॅकच्या यंत्रावर झालेलं आहे. त्यात खालचा सूर जवळजवळ नाहीच, पण जो आहे तो चांगल्या सुईवर सापडतो.

सुई_आणि_सूर

मी स्टुडिओत काम करते (मेटल नाही, जाहिराती आणि मालिका), म्हणून या वादात थोडी तांत्रिक भर.

कॉम्पिलेशनची एलपी कापणं हे कटिंग इंजिनिअरसाठी डोकेदुखीचं काम. दहा बँड, दहा स्टुडिओ, कोणाची रीळं, कोणाची तर साधी डेमो कॅसेट. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या पातळीवर. सगळं एका बाजूवर बसवायचं तर जागेचाही प्रश्न येतो. बारा इंची तबकडी ३३ च्या वेगाने फिरवली तर एका बाजूला वीसेक मिनिटं आरामात बसतात. त्यापुढे खाचा जवळजवळ आणाव्या लागतात आणि मग आवाज कमी करणं भाग पडतं, खासकरून खर्जाचा, कारण खर्ज जास्त जागा खातो. कंपनीला मात्र जास्तीत जास्त बँड कोंबायचे असतात. म्हणून जुनी कॉम्पिलेशन्स बऱ्याचदा अल्बमपेक्षा दबकी वाजतात.

आणखी एक. सुई बाहेरून आत जाते तशी प्रत्येक फेऱ्याची लांबी कमी होत जाते, पण वेळ तेवढाच. म्हणजे आतल्या गाण्यांना जागा कमी. झांजांचा सततचा सळसळाट असलेलं संगीत तिथे लगेच फाटतं. त्यामुळे कुठल्या बँडला बाजूची पहिली जागा मिळाली आणि कोणाला शेवटची, हे नुसतं मानापमानाचं नसतं. ऐकताना लक्ष ठेवून पाहा.

मुलुंड_चेकनाका

@सुई_आणि_सूर ताई, वाचनखूण साठवली. शेवटच्या परिच्छेदासाठी वेगळे आभार. आता एकेक रेकॉर्ड काढून कोणावर अन्याय झाला ते बघणार.

गोंगाटराव, तुम्ही एक मोठा मुद्दा सोडलात: नकली माल. या प्रांतात बूटलेग (परवानगीशिवाय छापलेल्या रेकॉर्डी) इतके आहेत की अस्सल प्रत अपवाद वाटावी. मेहेमचंच उदाहरण. १९९० च्या, नॉर्वेतल्या सार्प्सबोर्गच्या कार्यक्रमाची जी बूटलेग एलपी १९९५ मध्ये कोलंबियातून निघाली ती मुळात ३०० प्रतींची. कव्हरवर डेडच्या मृतदेहाचा फोटो. आता त्या बूटलेगचेही इतके बूटलेग झालेत की बाजारात दिसणारी प्रत ३०० तली असण्याची शक्यता धरूच नये. मी तर म्हणतो तो फोटो घरात हवाच कशाला?

मी काय बघतो ते सांगतो. कोणाला भर घालायची तर घाला.

गाणी संपल्यावर लेबलच्या आधी जी गुळगुळीत पट्टी राहते तिच्यावर हाताने कोरलेले किंवा ठोकलेले आकडे-अक्षरं असतात. डिस्कॉग्स या रेकॉर्डींच्या वेबसाइटवर बहुतेक मूळ आवृत्त्यांचे ते आकडे कोणीतरी टिपून ठेवलेले आहेत. विक्रेत्याकडे कव्हरचा नव्हे, त्या पट्टीचा फोटो मागा. टाळाटाळ केली की नमस्कार करून पुढे चला.

कव्हरची छपाई भिंगाखाली. मूळ कव्हरवरून स्कॅन करून छापलं असेल तर बारीक अक्षरांच्या कडा फुटतात आणि ठिपक्यांवर ठिपके चढून जाळी दिसते.

वजन. ऐंशीच्या दशकातल्या साध्या एलपी हाताला हलक्या लागतात. १९८४ ची म्हणून कोणी १८० ग्रॅमची जाडजूड तबकडी दाखवली तर ती नंतरची समजा. नंतरची म्हणजे नकलीच असं नाही, अधिकृत पुनर्मुद्रणंही असतात, पण मग भाव तसा हवा.

लेबल. ते डिंकाने डकवत नाहीत. प्रेसमध्ये गरम पीव्हीसीच्या गोळ्याच्या वर-खाली लेबल ठेवून एकाच दाबात सगळं होतं. कडेने लेबल सुटलेलं दिसलं तर शंका घ्या.

मंद्रसप्तक

वय वर्षे सत्तरी पार, वास्तव्य दादर, संग्रह बालगंधर्व आणि मंडळींच्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे) तबकड्यांचा. तुमचं संगीत नातवाकडून सक्तीने ऐकलेलं आहे. मत राखून ठेवतो.

पण वरचा पट्टीवरच्या आकड्यांचा मुद्दा वाचून मौज वाटली. अगदी सुरुवातीच्या तबकड्यांवर गाणं संपताना गायिका स्वतःचं नाव सांगायची. "माय नेम इज गौहर जान" हे ऐकलं असेलच. १९०२ मध्ये कलकत्त्यात मुद्रण झालं, तबकड्या बनायच्या जर्मनीत हॅनोव्हरला. तिथल्या कामगाराला कुठलं लेबल कोणावर लावायचं ते कळावं म्हणून ही घोषणा. ओळख पटवण्याचे प्रश्न सगळ्यांचे सारखेच.

आता पावसाळ्याबद्दल. मुंबईत रेकॉर्डचा खरा शत्रू जून ते सप्टेंबर. माझा उपाय जुना आहे: कपाटात कमी वॅटचा दिवा सतत चालू. बुरशी धरत नाही.

गिरगावचा_गोंगाट

काका, तुम्ही धाग्यावर आलात यातच सगळं आलं. 🙏

पण दिव्याचा उपाय एलपीवाल्यांनी करू नये ही हात जोडून विनंती. तुमच्या ७८ लाखेच्या, जाड आणि कडक. एलपी पीव्हीसीची, ती उष्णतेने मऊ पडते आणि एकदा वाकडी झाली की सुई होडीसारखी हेलकावे खाते. मी बंद कपाटात सिलिका जेलच्या पिशव्या ठेवतो, रंग बदलला की काढून तापवून परत ठेवतो. रेकॉर्डी उभ्याच, एकमेकींना टेकून पण दाटीने नाही.

बुरशीचं मूळ तबकडीपेक्षा कागदात असतं. मूळचं आतलं कागदी पाकीट जपायचं तर वेगळं जपा, तबकडी नव्या पॉलिथिनच्या पाकिटात घाला. बाहेरचं प्लॅस्टिक पीव्हीसीचं नको. उकाड्यात ते कव्हरला चिकटतं आणि तबकडीवरही धुरकट डाग आणतं. पॉलिप्रोपिलिनचं घ्या. जाड पीव्हीसीचं दिसायला रुबाबदार असतं, म्हणून दुकानदार तेच गळ्यात मारतात.

मंद्रसप्तक

सल्ला मान्य. उलट दिशेने एक माझाही ऐका. तुम्ही लोक सफाईसाठी आयसोप्रोपिल अल्कोहोल डिस्टिल्ड पाण्यात मिसळून वापरता. एलपीला चालत असेल. पण घरात आजोबांची एखादी ७८ असेल तर तिला ते लावू नका. अल्कोहोलमध्ये लाख विरघळते. एका उत्साही पुतण्याने नाट्यपदाची वाट लावलेली पाहिली आहे.

दादरचा_डबिंगवाला

धागा वाचून नव्वदचं दशक डोळ्यांपुढे आलं. तेव्हा एलपी कोण बघायला बसलंय! आमच्याकडे मेल्ट्रॅकच्या कोऱ्या कॅसेटी आणि कोणाच्या तरी चुलतभावाने परदेशातून आणलेली एक कॅसेट. तिची कॉपी, त्या कॉपीची कॉपी. माझ्यापर्यंत बाथोरी पोचली तेव्हा ड्रम कुठे आणि पाऊस कुठे ते कळत नव्हतं. कॉम्पिलेशन म्हणाल तर आम्ही स्वतःच करायचो. ९० मिनिटांच्या कॅसेटवर शेवटी तीन मिनिटं उरली की कुठल्या बँडचं गाणं मापात बसतंय ते बघायचं.

माहितीसाठी होतं ते अलाहाबादहून निघणारं 'रॉक स्ट्रीट जर्नल', १९९३ पासून. ऐकायला होतं रंगभवन आणि तिथला इंडिपेंडन्स रॉक महोत्सव. रिदम हाऊस या दुकानात तासन् तास कव्हरं बघत उभं राहायचं, विकत घ्यायचं काहीच नाही. तेही २०१६ ला बंद झालं.

म्हणून गोंगाट, तुझ्या यादीतलं कौतुक मान्य, पण एलपीचा आग्रह मला जरा नवश्रीमंती वाटतो. मुंबईत हे संगीत वाढलं ते कॅसेटीवर. आपल्या इथला दुर्मिळ ऐवज शोधायचाच तर घरोघरी माळ्यावर पडलेल्या त्या हाताने भरलेल्या कॅसेटी शोध.

गिरगावचा_गोंगाट

@दादरचा_डबिंगवाला, नवश्रीमंती शब्द लागला, पण पूर्ण खोटा नाही, म्हणून भांडत नाही. कॅसेटींबद्दल शंभर टक्के सहमत. तुझ्या माळ्यावर काय आहे ते कळव. टेप चिकटायच्या आत डिजिटल करून ठेवू. यंत्र माझ्याकडे आहे.

कोथरूडकर_अस्सल

मुंबईत जागा नाही म्हणता आणि दर महिन्याला बारा इंची चौकोन घरात आणता. पुण्याला या.

चाळकरी

@कोथरूडकर_अस्सल, पुण्यात ऐकणार कधी? एक ते चार बंद. (हलके घ्या.)

कुपारी_रॉक

मी वसईचा. घरात रोझरी, गावात चर्च, कपाटात डार्कथ्रोन. धाग्यावर कोणीतरी हा विषय काढेल म्हणून वाट बघत होतो, कोणी काढला नाही, म्हणून मीच काढतो.

हे संगीत मला मनापासून आवडतं. उलटे क्रॉस वगैरे मला पोरकट वाटतात, त्याने माझी श्रद्धा हलत नाही. पण ६ जून १९९२ ला नॉर्वेत बर्गनजवळचं फांटोफ्टचं लाकडी चर्च जळालं आणि त्यानंतर आणखी जळाली, त्याला मी थाट म्हणू शकत नाही. आमच्याकडे चर्च म्हणजे रविवारची इमारत नव्हे. लग्न, बारसं, गावाची मीटिंग, भांडण मिटवणं, सगळं त्याच आवारात. बर्झमच्या विकर्नेसला १९९४ मध्ये मेहेमच्या गिटारवाल्या युरोनिमसच्या खुनासाठी आणि चर्च जाळल्याबद्दल २१ वर्षांची शिक्षा झाली, २००९ ला तो सुटला. तुम्ही त्याची रेकॉर्ड घेता तेव्हा पैसे कोणाला जातात, हा प्रश्न मला तरी पडतो.

अल्बमच्या बाबतीत हे सोपं आहे, नको तो बँड नाही घ्यायचा. कॉम्पिलेशनमध्ये मात्र दहा बँडमध्ये एक नाझी विचारांचा निघतो, आणि नव्वदीनंतरच्या भूमिगत कॉम्पिलेशन्समध्ये हे वारंवार होतं. बाकी नऊ जणांचं काय करायचं? 'ट्रान्सिल्व्हेनियन हंगर'चं वर कौतुक झालं. त्याच्या सुरुवातीच्या प्रतींवर मागे 'नॉर्वेजियन आर्यन ब्लॅक मेटल' अशा अर्थाची ओळ होती. बँडने नंतर माफी मागितली, ओळ गेली. आता संग्राहक नेमकी ती ओळ असलेली प्रत शोधतात, पहिली आवृत्ती म्हणून. मला हे विचित्र वाटतं.

मुलुंड_चेकनाका

@कुपारी_रॉक, कडक प्रतिसाद. माझा नियम साधा आहे: ज्या मालाचे पैसे आजही अशा माणसाच्या खिशात जातात तो नवा घ्यायचा नाही. जुनी, वापरलेली प्रत घेतली तर पैसे मिळतात आधीच्या मालकाला.

सुई_आणि_सूर

पण @मुलुंड_चेकनाका, वापरलेल्या प्रतीचा भाव चढला की नवं पुनर्मुद्रण निघतंच ना? मागणी तुम्हीच दाखवून देता. मला हा नियम पळवाटीचा वाटतो.

गिरगावचा_गोंगाट

@कुपारी_रॉक, म्हणूनच माझी यादी १९९१ ला थांबते. हे एकच कारण नाही. त्यानंतरची बरीचशी कॉम्पिलेशन्स सीडीच्या जमान्यातली, युरोनिमसच्या स्मरणार्थ १९९५ ला निघालेलं 'नॉर्डिक मेटल' धरून. पण कव्हर उलटून बँडची नावं एकेक तपासत बसायचा मला कंटाळा येतो, हेही खरं. शुद्ध कोणीच नाही. हेलहॅमरपासून सार्कोफागोपर्यंत सगळ्यांनी धक्का देण्यासाठी काहीबाही लिहिलंय. पण पोरवयातला आचरटपणा आणि विचारपूर्वक केलेला द्वेष यांत फरक करता येतो. ताईंचा मुद्दा मात्र मला खोडता येत नाही.

नवखा_नेरूळ

मी कॉलेजात आहे. वरची नावं बघून डिस्कॉग्सवर गेलो आणि टपालखर्च बघून परत आलो. चोर बाजारात काही मिळेल का? आणि सुरुवात कशाने करू?

गिरगावचा_गोंगाट

@नवखा_नेरूळ, चोर बाजारात जरूर जा, मटण स्ट्रीटवर. शुक्रवारी दुकानं बंद असतात पण पहाटेचा जुमा बाजार रस्त्यावर भरतो. तिथे जुनी हिंदी सिनेमाची गाणी, आब्बा, बोनी एम आणि जिम रीव्हज ढिगाने मिळतील. ब्लॅक मेटल मिळणार नाही. या संगीताच्या एलपी त्या काळात इथे छापल्याच नाहीत, मग भंगारात येणार कुठून?

सुरुवात ऐकण्याने कर, विकत घेण्याने नको. डार्कथ्रोनच्या फेनरिझने २००४ मध्ये पीसव्हिल कंपनीसाठी जुन्या ब्लॅक मेटलचं एक कॉम्पिलेशन निवडलं होतं, ते शोध. ज्याला हे संगीत आतून माहीत आहे अशा माणसाची निवड आहे, आणि त्यात कोण कुठून आलं ते आपोआप कळत जातं. त्यातलं जे डोक्यात बसेल त्याच्या मागे लाग.

टपालखर्चाचं म्हणशील तर एकट्याने मागवायचं नाही. एक एलपी मागवायची तर खर्च रेकॉर्डच्या किमतीला भिडतो. तीच पाच एकाच विक्रेत्याकडून मागवली तर प्रत्येकी बराच खाली येतो, कारण वाढत्या वजनाच्या मानाने खर्च वाढत नाही. आम्ही चारपाच जण मिळून मागवतो आणि माटुंग्याला इडली खाऊन वाटण्या करतो. कस्टमची ड्युटी नुसत्या रेकॉर्डवर नाही, टपाल आणि विमा धरून जी किंमत होते तिच्यावर लागते, हे लक्षात ठेवून हिशोब कर. दर बदलत असतात, मागवण्याआधी त्या वेळचा बघ. आणि विक्रेत्याला आवर्जून सांग की तबकडी कव्हरच्या बाहेर काढून, मागे वेगळी ठेवून पॅक कर. नाहीतर प्रवासात ती आतून आपटून कव्हरची शिवण उसवते.

मुलुंड_चेकनाका

याला जोडून: तबकडीची अवस्था विक्रेता 'व्हीजी प्लस' (व्हेरी गुडच्या वर) लिहितो तेव्हा नजरेने बघून की वाजवून, ते विचारा. आणि यादीत एक भर. १९८२ चं एबनी रेकॉर्ड्सचं 'मेटॅलिक स्टॉर्म'. त्यात डेन्मार्कच्या मर्सीफुल फेटचं 'ब्लॅक फ्युनरल' आहे, त्यांचा स्वतःचा अल्बम यायच्या आधीचं.

गिरगावचा_गोंगाट

वा! हे माझ्याकडे नाही. विकणार का?

मुलुंड_चेकनाका

नाही.

दादरचा_डबिंगवाला

परदेशी याद्या झाल्या, आता घरचं बोला. डेमॉनिक रिझरेक्शन २००० पासून मुंबईत आहेत, सोलर डेइटी आहेत, कॉस्मिक इन्फ्यूजन आहेत, कोलकात्याचे हीदन बीस्ट आहेत. ट्रान्सेंडिंग ऑब्स्क्युरिटीसारखी कंपनी मुंबईत बसून जगभरच्या बँडच्या एलपी विकते. २०२४ मध्ये मुंबईतच एलपी छापायचा नवा कारखाना सुरू झाल्याच्या बातम्याही आल्या. मग एका तबकडीवर आपले सहा बँड घ्यायला अडतंय कुठे?

सुई_आणि_सूर

पैशावर अडतं. प्रती थोड्या असोत वा खूप, लॅकर (मूळ तबकडी) कापणं, त्यावरून धातूचे साचे बनवणं हा सुरुवातीचा खर्च तेवढाच. शंभर प्रती काढल्या तर प्रत्येक प्रतीवर त्याचा बोजा भयंकर. सहा बँडनी आपापल्या चाहत्यांत वाटून घेतला तर जमू शकतं. आणि तेव्हा कृपा करून बाजूला वीस मिनिटांच्या वर जाऊ नका. मास्टरिंग मी बघेन, फुकट नाही, पण घरच्या दरात.

कुपारी_रॉक

वसईतले एक-दोन बँड सुचवू शकतो. फक्त बँडची निवड करताना माझा वरचा प्रश्न आधी विचारा.

नवखा_नेरूळ

सगळ्यांचे आभार. शेवटचं एक. मामा अमेरिकेहून परत येतोय, त्याच्याकडे ऐंशीच्या दशकातला टर्नटेबल आहे, देतो म्हणतोय. घेऊ ना? घरी आजोबांचा एचएमव्ही फिएस्टा रेकॉर्ड प्लेअर पण आहे.

सुई_आणि_सूर

आधी मोटर कुठली ते विचार. डीसी मोटर असेल तर फक्त व्होल्टेजचा ट्रान्सफॉर्मर लागेल, तिकडे ११०-१२०, इथे २३०. पण विजेच्या वारंवारतेवर चालणारी एसी मोटर असेल तर ट्रान्सफॉर्मरने भागणार नाही. तिकडे ६० हर्ट्झ, इथे ५०. तबकडी सहाव्या हिश्श्याने हळू फिरेल आणि तुझं ब्लॅक मेटल डूम मेटल (मेटलचा संथ प्रकार) होईल. काही मॉडेलांना ५० हर्ट्झची वेगळी पुली मिळते, मॉडेल नंबर इथे टाक, शोधू.

फिएस्टावर या एलपी लावू नकोस. त्याची सुई फार जड दाबाने चालते, खाचा खरवडून निघतील. आजोबांच्या रेकॉर्डींसाठी तो ठीक आहे.

नवखा_नेरूळ

मामाला विचारून नंबर टाकतो.